बाजूच्या सीटचं बक्कल

१. चालकाची सीट

ट्रक खाडीत पडलाच नव्हता. बांधावरच्या रस्त्याला जिथे उघडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची आणि ओहोटीला सोडायची दारं आहेत, त्या वळणावर तो नाक खाली घालून उभा होता. पुढची चाकं चिखलात, मागची अजून रस्त्यावर. पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखा. ड्रायव्हर शिवदास मात्र ट्रकच्या बराच पुढे, उघडीच्या दगडांवर पालथा पडला होता. समोरची काच त्याच्याबरोबरच बाहेर आली होती.

शिवदासला पहिल्यांदा पाहिलं तुकारामनं. तो धक्क्यावरून रिकामा ट्रक घेऊन परत येत होता. त्याच्या मागोमाग पोहोचला चांगदेव हवालदार. हवालदारकी आता नावापुरती. पोलिसातून सुटल्यावर तळे गावचा हा माणूस खाडीकाठच्या नव्या कारखान्यात पहाऱ्याचा प्रमुख झाला होता, आणि गेल्या वर्षी, म्हणजे चौसष्ट साली, परदेशी ट्रक आले तेव्हा साहेबांनी आणखी एक काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. त्या ट्रकांना सीटवर कमरेचे पट्टे होते. हिरव्या जाड कापडाचे, लोखंडी बक्कलाचे. ड्रायव्हरांनी ते बांधावेत हे बघायचं.

ते काही जमलं नव्हतं. तुकारामनं आपला पट्टा कापून नेला आणि त्यानं घरची बकरी बांधली. दुसऱ्या एकानं पोराचा पाळणा टांगला. शनिवारी चांगदेवनं सगळे ट्रक पाहिले, तेव्हा दोन्ही पट्टे धड असलेला एकच ट्रक सापडला. शिवदासचा.

आज तो केबिनमध्ये डोकावला. चालकाचा पट्टा उघडा, सीटमागे सारलेला. बाजूच्या सीटचा पट्टा कापलेला. दोन तुकडे सीटवर पडलेले, मधलं बक्कल लागलेलं. आणखी एक बकरी, चांगदेवच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. समोर माणूस मेला होता.

फौजदार आले. त्यांनी वाकून ट्रकखाली पाहिलं. ब्रेकची नळी तुटलेली. आदल्या संध्याकाळी ब्रेक कुणी उघडला होता? गुणाजी फिटरनं. हा गुणाजी मयताचा कोण? मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ. दोघांचं भांडण? गणपतीत झालं होतं, सगळ्या वाडीसमोर. गुणाजी म्हणाला होता, हा ट्रकच तुला एक दिवस घेऊन जाईल.

फौजदारांना तेवढं पुरलं. कारखान्याचा रिपोर्ट चांगदेवनं लिहायचा होता. तो हाती आला की उद्या दुपारच्या भरतीला धक्क्यावरून लाँच सुटणार, आणि गुणाजीला रेवसमार्गे अलिबागला नेणार.

दुपारी अमावास्येचं उधाण आलं. पाणी बांधावरून वाहिलं. ओसरलं तेव्हा रस्त्यावर चाकाची एक खूण उरली नव्हती.

२. बाजूची सीट: रिकामी

ट्रक फाटकातून निघतो. शिवदास एकटा आहे. डाव्या हाताला मिठागरं, उजव्या हाताला खारफुटी. बघायला कोणी नाही. त्याचा हात...

इथे थांबावं लागतं. कारण त्याचा हात काय करतो हे चांगदेवला तोवर माहीत नव्हतं. ते त्याला संध्याकाळी कोळीवाड्यात कळलं.

शिवदासचं घर पाण्याच्या कडेला. ओटीवर त्याचा बाप बुधाजी तांडेल, जन्मभर होडीचं सुकाणू धरलेला, भिंतीला टेकून जाळं शिवत होता. पोरगा जाळून आलेला माणूस जाळं शिवतो, याचं नवल कुणाला वाटलं नाही. हातांना काहीतरी लागतंच. सुतळी तो दातांनी तोडत होता. चांगदेवला जागा द्यायला तो भिंत धरून, दमादमानं उठला.

आत शिवदासची बायको केसर. पोट पुढे आलेलं, डोळे कोरडे. बायका बसल्या होत्या. चांगदेवनं जे विचारायचं ते विचारलं: शिवदास पट्टा बांधायचा का?

केसरनं मान ताठ केली. त्यानं जन्मात बांधला नाही, म्हणाली. तो काय बायकामाणूस होता?

चांगदेव उठला. उठता उठता त्याची नजर खाटेवर गेली. बाहेर सगळ्या घरांच्या दोऱ्यांवर कपडे वाळत होते. या घराचेही होते. लुगडी, म्हाताऱ्याच्या बंड्या, रुमाल. शिवदासचे खाकी सदरे मात्र आत, खाटेवरच्या काठीवर, अंधारात. भादव्याचं इतकं चांगलं ऊन सोडून.

त्यानं बायकांना बाहेर जायला सांगितलं. मग एक सदरा उजेडात धरला. पोटाशी आडवी, पुसट, हिरवी रेघ होती. घामानं उतरलेला रंग. दुसऱ्या सदऱ्यावरही तीच.

केसरनं सदरा त्याच्या हातातून काढून घेतला आणि घडी घालायला लागली.

"रिठ्यानं घासला, लिंबानं घासला, जात न्हाय," ती हळू म्हणाली. "हवालदारदादा, वाडीत नको सांगूस. मेलेल्या माणसाला हसतील."

"कधी बांधायचा?"

"फाटक सुटलं की. मिठागराशी. पोटातल्याची आण घातली होती मी त्याला. आणि माणसं दिसली की सोडायचा. धक्क्याच्या अलीकडं."

"उघडीचं वळण धक्क्याच्या किती अलीकडं आहे?"

"लई." ती थांबली. घडी तिच्या हातातच राहिली. "तिथं तर कोणीच नसतं."

चांगदेव बांधावरून परतला तेव्हा त्याच्या पायांना गती आली होती. एकटा असला की शिवदास पट्टा बांधायचा. त्या वळणावर तो बांधलेला नव्हता. म्हणजे तो एकटा नव्हता.

आणि मग त्याला ते बक्कल आठवलं. बकरीसाठी पट्टा नेणारा माणूस बक्कल उघडतो किंवा पट्टा मुळाशी कापतो. आणि कापला तर घेऊन जातो. बक्कल लागलेलं ठेवून मधेच पट्टा कोण कापेल? ज्याला ते उघडता येत नाही तो. जो आत अडकलाय तो.

बाजूच्या सीटवर कोणीतरी बसलं होतं. बांधून.

३. बाजूची सीट: तुकाराम

ट्रक फाटकातून निघतो. बाजूला तुकाराम आहे, मिशीला पीळ, पाय डॅशबोर्डवर. शिवदास पट्ट्याकडे बघतही नाही.

इतकं जुळतं. पुढचं जुळत नाही, कारण तुकाराम स्वतः पट्टा बांधून बसलाय असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय त्या वेळी तो धक्क्यावर माल उतरवत होता. दहाजणांनी पाहिलेला.

तरी चांगदेवनं त्याला गाठलं. ड्रायव्हर मंडळी शेडमध्ये चहा पीत होती. शिवदासचा पेला कोणीतरी उपडा घालून ठेवला होता. पट्टा बांधणाऱ्याला तुम्ही काय म्हणता, असं त्यानं विचारलं, तेव्हा एरवी जे हसले असते ते आज जमिनीकडे बघू लागले. तुकारामच बोलला. ओटी भरलेली, म्हणतात. मढं म्हणतात, कारण बांधून नेतात ते मढ्यालाच. आमची बकरी बांधतो आम्ही, म्हणाला. पण कुणाला हसू आलं नाही.

बांधावरच्या शर्यतीचं विचारलं. हो, लावतात. उघडीच्या वळणाला जो ब्रेकवर पाय ठेवेल तो हरला.

"सकाळी शिवदास कुणाशी लावत होता?"

"कुणाशी लावणार? मी फुडं गेलेला, बाकीचे मागं." तुकारामनं पेला खाली ठेवला. "आन् हवालदार, एकटा माणूस शर्यत कशाला लावंल? बघणारं कोणी नको?"

४. बाजूची सीट: धर्माजी

ट्रक फाटकातून निघतो. बाजूला धर्माजी मुकादम आहे. शिवदासनं पट्टा बांधलाय, धर्माजीनं बांधलाय, दोघं देवळात बसल्यासारखे बसलेत.

यात कोणी मरत नाही. चांगदेवनं चित्र पुसलं.

धर्माजी आगरी, भातशेतीचा माणूस. ट्रकची त्याला मनातून भीती. त्याच्यासमोर सगळे पट्टा बांधायचे आणि तो उतरला की आरोळी ठोकून सोडायचे. त्यामुळे साहेबांना तो छातीठोक सांगत आला होता की सगळे बांधतात. आता आपलं नाव रिपोर्टात येणार का, एवढंच तो फिरून फिरून विचारत होता.

पण एक गोष्ट त्यानं शपथेवर सांगितली. त्या सकाळी फाटकावर तो स्वतः उभा होता. शिवदासचा ट्रक त्याच्यासमोरून गेला. केबिनमध्ये शिवदासशिवाय कोणी नव्हतं.

म्हणजे बसणारा वाटेत बसला. फाटक आणि वळण यांच्या मधे ना दुकान, ना घर. मिठागरं, आणि खारफुटीतून वर येणारी एक पायवाट.

पायवाट येते कोळीवाड्यातून.

५. बाजूची सीट: गुणाजी

ट्रक फाटकातून निघतो. पायवाटेच्या तोंडाशी गुणाजी चढतो. दोघं मुकाट पट्टे बांधतात.

गुणाजीच्या बाबतीत हे चित्र इतकं सहज उभं राहिलं की चांगदेवला त्याचंच आश्चर्य वाटलं. ते खरं आहे का, हे विचारायला तो सकाळी पहाऱ्याच्या खोलीत गेला. तिथे गुणाजी शिपायाशेजारी बाकावर बसला होता, नखांत अजून ग्रीस.

पट्ट्याचं त्याला माहीत होतं. शिवदासच्या बक्कलाला तेल तोच घालायचा. उघडताना आवाज होऊ नये म्हणून. गणपतीतलं भांडणही त्याचंच होतं. एकटा असताना शहाणा असतोस आणि चार माणसं दिसली की बैलासारखा उधळतोस, असं तो शिवदासला बोलला होता. हे वाडीसमोर उघड सांगता येत नव्हतं, म्हणून ट्रक तुला घेऊन जाईल, एवढंच ओरडला.

"आणि ब्रेक?"

"असा घट्ट केला होता की पाय ठेवला तर पाठीचं हाड फुडं यावं." गुणाजीनं हात चोळले. "फौजदारसायेब म्हणतात नळी आधी तुटली. ती उघडीच्या दगडावर आपटून तुटली. पन माझं कोण ऐकतंय?"

चांगदेव एकदम उभा राहिला. ब्रेक नसलेला ट्रक त्या वेगानं बांधावर थांबला नसता. अख्खा पाण्यात गेला असता. हा नाक बुडवून थांबला. ट्रक थांबला आणि शिवदास थांबला नाही. काचेतून पुढे गेला. ब्रेक लागला, लागला म्हणूनच तो उडाला. आणि बाजूचा माणूस जागच्या जागी राहिला, कारण तो बांधलेला होता.

पण हे अनुमान झालं. फौजदारांना अनुमान नको होतं; त्यांना माणूस हवा होता. तो माणूस जिवंत होता आणि गप्प होता.

"गुणाजी, असा कोण आहे की जो स्वतः पट्टा बांधेल, आणि ज्याच्यासमोर शिवदास आपला सोडेल?"

गुणाजीनं मान खाली घातली.

"माझ्या तोंडून न्हाय यायचं नाव," तो म्हणाला. "जाईन मी अलिबागला. माझी बहीण त्या घरात ऱ्हाते."

६. होडी

चांगदेव कोळीवाड्यात पोहोचेपर्यंत भरती बांधाला लागली होती. बुधाजी तांडेल ओटीवर तसाच बसलेला. चांगदेव म्हणाला, धक्क्यावर जायचंय, बांध बुडतोय, लाँच सुटायच्या आत पोहोचव.

म्हातारा काही न विचारता उठला, भिंत धरून. केसर दारात आली. मामा, तुमच्यानं व्हायचं न्हाय, म्हणाली. त्यानं नुसता हात हलवला.

होडी लहान, शिडाची. खाडीच्या मध्यावर उधाण आणि वारा समोरासमोर भिडले होते आणि पाणी उकळल्यासारखं उसळत होतं. पहिली लाट आत आली तेव्हा बुधाजीनं एक दोर चांगदेवकडे फेकला.

"कंबरेला मार. फळीला बांध."

चांगदेवनं बांधला. म्हाताऱ्यानं टोपली बांधली, वल्हं बांधलं, आणि स्वतः मात्र सुकाणू धरून मोकळा उभा राहिला. एक हात सुकाणूवर, दुसरा ओटीपोटावर.

"आणि तू?"

"सुकाणूवरचा मानूस मोकळा पायजे. उलटली तर बाकीच्यांना सोडवायला कोन? बाप सांगून गेला, आज्या सांगून गेला."

चांगदेवनं श्वास घेतला. तो बांधलेला होता, पोहता येत नव्हतं, आणि सुकाणू त्याच्या हाती होतं ज्याला आता हे ऐकवायचं होतं.

"बुधाजी, तुझी सुरी कुठंय? दातांनी सुतळी तोडतोस."

म्हाताऱ्यानं सुकाणू दोन्ही हातांनी धरलं.

"तो मिठागराशी पट्टा बांधून येत होता. पायवाटेच्या तोंडाशी तू उभा होतास. तुला त्यानं वर घेतलं, आणि पट्टा बांधला. म्हातारा माणूस, सामान आणि पोरं बांधायची असतात. तू बांधून घेतलास. मग तू त्याच्या कंबरेकडं पाहिलंस."

होडी आडवी झाली. पाणी काठावरून आत आलं, चांगदेवच्या मांड्यांवर. दोर काचला. बुधाजीनं सुकाणू सोडलं नव्हतं. फक्त वळवलं नव्हतं. चांगदेवचे हात गाठीकडे गेले. गाठ भिजून घट्ट झाली होती. बाजूच्या सीटवरच्या माणसाला आदल्या दिवशी काय वाटलं असेल ते त्याला कळलं.

मग म्हाताऱ्यानं छातीचा जोर लावून होडीचं तोंड लाटेवर आणलं.

"पाच वरसं तो मोटार चालवतोय," तो म्हणाला, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असा. "मी कदी चढलो न्हाय. म्हनायचो, कोळ्याचा पोर आन् जमिनीवर सुकानू धरतो. काल धक्क्याकडं निघालो होतो, पाय दुखत होते. चढलो. त्यानं मला बांधलं. पोरागत बांधलं. आन् बघतो तर तोबी बांधलेला. मी म्हनलो, तू तांडेल हायस ना रं या गाडीचा? मंग सोड. तांडेल बांधून घेत न्हाय."

"त्यानं सोडला."

"हसला आन् सोडला. बारीक होता तवा शिकवलं होतं ते त्याला आठवलं आसंल. मंग म्हनला, बाबा, आता बघ. आन् जी काय पळवली..." बुधाजीनं मनगटानं तोंड पुसलं. "शाब्बास तांडेला, म्हनलो मी. जन्मात पयल्यांदा. त्यानं माझ्याकडं बघितलं. वळन आलं तरी माझ्याकडंच बघत होता."

पुढचं त्यानं तुटक सांगितलं. बक्कल कसं उघडतात ते त्याला माहीत नव्हतं. सुरीनं कापून बाहेर पडला. दगडांवर गेला. पोराला उताणं केलं नाही, पाठीवरूनच कळलं. मग सुरी खाडीत फेकली आणि खारफुटीतून चालत घरी आला.

"गुणाजीला धरला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं." लाटांमधून धक्का दिसू लागला होता. "सुटंल वाटलं. आन् सांगू काय? की माझा पोर बांधून बसायचा? का मीच त्याला सोडायला लावला? कंचं सांगू?"

चांगदेवनं कंबरेचा दोर सोडायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग तो तसाच बसून राहिला.

७. धक्का

लाँचचं इंजिन सुरू झालं होतं. गुणाजी दोन शिपायांमध्ये उभा. फौजदार घड्याळ बघत होते. उधाणामुळे ट्रक थांबलेले, म्हणून सगळे ड्रायव्हर धक्क्याच्या कठड्यावर रांगेनं बसले होते, तुकाराम टोकाला.

होडी पायऱ्यांना लागली. बुधाजीनं खाली वाकून चांगदेवची गाठ सोडली. त्याच्या हाताला ती एका ओढीत सुटली. चांगदेवला वाटलं, आता हा होडी फिरवील आणि निघून जाईल. त्याला अडवायचं नाही, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. जे कळलं ते रिपोर्टात लिहिता येईल. पण म्हाताऱ्यानं स्वतः सांगितल्याशिवाय फौजदार ते मानणार नाहीत, हेही त्याला ठाऊक होतं.

बुधाजी पायऱ्या चढला. एकेक, कठड्याला धरून. फौजदारांपाशी थांबलाच नाही. गुणाजीपुढे गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांकडे वळला. मग त्यानं बंडी वर केली.

पोटावर आडवा, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, चार बोटं रुंद वळ होता. मधे काळानिळा, कडेला लाल.

"हा पट्टा हाय," तो म्हणाला. "मी बाजूला बसलो होतो. ब्रेक लागला. मला यानं धरलं."

बंडी त्यानं वर धरूनच ठेवली.

"माझा शिवदास रोज बांधायचा. तुमी हसाल म्हनून चोरून. मी सोड म्हनलो म्हनून त्यानं सोडला." त्यानं बंडी खाली केली. "आता हसा कोन हसतंय ते."

लाँचचं इंजिन बंद झालं. फौजदारांनी रिपोर्टासाठी आणलेल्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं, मग चांगदेवकडे, मग शिपायांना मानेनं खूण केली. गुणाजीचा दंड सुटला. त्यानं आधी म्हाताऱ्याला खाली बसवलं, मग स्वतः त्याच्याशेजारी बसला. कठड्यावरून तुकाराम उतरला आणि कुणाकडे न बघता पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

चांगदेवनं रिपोर्ट लिहिला. साहेबांना तो फार लांब वाटला. पट्टे बांधायचे की नाही याबद्दल त्यात एक ओळही नव्हती, आणि त्यानंतर त्यानं कुणाला कधी पट्टा बांध म्हणून सांगितलंही नाही.

उधाण उतरल्यावर सकाळी तो बांधावरून कोळीवाड्यात निघाला, केसरला भेटायला. तिच्या दारातल्या दोरीवर खाकी सदरे वाळत होते. बाहेर, उन्हात, हिरव्या रेघा रस्त्याकडे करून. पुढच्या आळीत गलका चालला होता. कुणाच्या तरी परसातली भाजी फस्त झाली होती आणि बाया शिव्या देत धावत होत्या.

तुकारामची बकरी सकाळपासून वाडीभर मोकळी फिरत होती.